बिनभोकाची गिटार

१९८५ साली दाऊदचाचा होडेकरांची कंबर गेली आणि राजिवड्यात चाळीस वर्षं होड्या बांधणारा हा सुतार घरी बसला. मुलगा नासीर कुवेतहून सुट्टीवर येणार होता. त्याला गिटारचं वेड, म्हणून चाचांनी मागच्या पडवीत एक करायला घेतली. होडीच्या फळ्यांसारख्याच तिच्या बाजू ओल्या करून विस्तवावर वाकवल्या. सांधे असे बसवले की नख शिरेना. थकायचे, आडवे व्हायचे, पुन्हा उठायचे.

सहा महिने गेले, ताराही चढल्या, पण गिटारीच्या पोटाला भोकच नाही! आवाज कसला, नुसती ढबढब.

मी शेजारी. शेवटी वैतागून म्हटलं, "चाचा, भोक पाडा की आता!"

"जन्मभर भोकं बुजवली रे. चांगल्या फळीला भोक पाडायला हात उठत नाय. तूच पाड."

मी तारा उतरवून गोल भोक कापलं. तोवर चाचा डोळे मिटून पडले होते. मग उठून त्यांनी गिटार मांडीवर घेतली आणि होडीची गळती बघतात तसा तळहात तिच्या बुडाखाली फिरवला.

हात कोरडाच होता. तरी त्यांनी तो लुंगीला पुसला.