खाली घातलेली नजर

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही: माझ्या गाजलेल्या चित्रातली शिवणारी बाई खाली बघतच नव्हती. कारखान्यात तिचं चित्र काढताना मी खिडकीतल्या उजेडाचं कौतुक केलं, तेव्हा शर्टाच्या कॉलरी शिवता शिवता तिनं थेट माझ्यावर डोळे वटारले होते.

"ओ चित्रकार, आमची पाठ मोडतेय आणि तुम्हाला उजेड छान दिसतोय होय?"

शेजारच्या मशीनवरच्या बायका फिदीफिदी हसल्या.

चित्रात मी तिची नजर खाली सुईवर नेली. प्रदर्शनात लोक हळहळले, "किती सोसते बिचारी!"

शिवणाऱ्या बायकांची चित्रं आठवून बघा, बहुतेकींच्या माना खालीच. दया यायला आपल्याला तशाच बायका लागतात. वटारलेल्या डोळ्यांपुढे कोण थांबणार? भेकड जात आमची, चित्रकारांची.

तिचा राग मी पुसला. तो मी अजून रंगवलेला नाही. तेवढं तिचं देणं माझ्याकडे बाकी आहे.