चाळीस बाटल्यांचं पिंप

पेणच्या पोलीस ठाण्यातली ती सकाळ मी अजून विसरलेलो नाही. एक मधाचा व्यापारी प्रयोगशाळेचा अहवाल घेऊन आला. त्याच्या पिंपातल्या मधात चौथा हिस्सा साखरेचा पाक निघाला होता. त्याचा संशय रोह्याकडच्या वाडीवरून मध आणणाऱ्या कातकरी बाईवर होता. रोह्याच्या बाजारात तो तिला सगळ्यांसमोर चोर ठरवूनही आला होता.

बाईला बोलावलं. महिला शिपायासमोर जबाब सुरू झाला आणि मी आवाज चढवला. रागावर ताबा नसणं हा माझा जुना दोष.

"पाक कराया साकर कुठनं आणू, सायेब?" ती म्हणाली. "घरात चा कोरा न् बिनसाकरीचा हाय. आता वाडीचा मध कोन घेनार?"

तीन दिवस ती येऊन बाकावर बसत होती. तिसऱ्या दिवशी मी व्यापाऱ्याचा जबाब पुन्हा वाचला. पिंप चाळीस बाटल्यांचं. त्यात चौतीस बाटल्या आधीचा माल, वर हिच्या सहा. काठोकाठ भरल्यावर लगेच सगळं ढवळून नमुना घेतलेला.

खात्याच्या परीक्षेत असल्याच मिश्रणाच्या गणितात माझे दोन गुण गेले होते. बढती हुकली आणि ज्यांना भागाकार येत नाही ते माझे साहेब झाले. तो राग आजही गेलेला नाही. पण त्यापायी असली गणितं मी पुढे पाठ होईपर्यंत सोडवली होती.

व्यापाऱ्याला समोर बसवलं.

"शेठ, हिच्या बाटलीत पाक किती असेल? पाव?"

"पाव कसला!"

"अर्धा?"

"साहेब, तुम्ही फार भोळे. जास्तच."

"पाऊण लिहू?"

"सगळाच पाक होता, लिहा!"

"आणि तुमचा आधीचा माल?"

"शंभर टक्के चोख. तेही लिहा."

लिहिलं, सही घेतली. मग म्हणालो, "चाळीसचा चौथा हिस्सा दहा. हिच्या सहाच्या सहा बाटल्या पाकाच्या धरल्या, तरी चार बाटल्या पाक उरतो. तो कुणाचा?"

शेठ रुमाल शोधू लागले. दुपारी त्यांच्या गोदामाचा पंचनामा झाला. मागच्या खोलीत पाकाची कढई आणि रिकामी साखरेची पोती सापडली. कबुली द्यायला त्यांनी फार वेळ लावला नाही.

बाहेर येऊन मी बाईला म्हणालो, "सुटलीस बाय. चुकलं माझं."

तिने डोळे पुसले. "हितं बोलून काय व्हनार, सायेब? त्यानं बाजारात सांगितलान."

पुढच्या बाजाराला मी रोह्याला गेलो. गणवेशात तिच्या टोपलीशेजारी उभा राहिलो आणि लोक थांबतील इतक्या मोठ्याने सांगितलं, "हिचा मध चोख आहे. तपास मी केलाय."

ठाण्याच्या कागदावर माणूस निर्दोष ठरलं की आपलं काम संपलं, असं मी तोवर समजत होतो. आरोप चार लोकांत झाला असेल, तर तो पुसायलाही चार लोकांतच जावं लागतं. हे मला त्या बाईने शिकवलं.