पिनच्या भोकातला लाल रंग

काही घटना माणसाला झोपू देत नाहीत, असे निवृत्त अधिकाऱ्यांनी लिहायची रीत आहे. मला झोप नीट लागते. तरीही ऐंशीच्या दशकातली मुलुंडची ती घटना आजही आठवते, ती बोटाएवढ्या एका पोलादी पिनमुळे.

तो कारखाना वजन उचलायच्या चेनपुल्या बनवत असे. फाटकातून आत गेले की समोरच मोठी पाटी होती: 'आमचे पुरवठादार, आमचे कुटुंब'. त्या पाटीपासून पन्नास पावलांवर, चाचणी चालू असताना आकड्याची पिन तुटली आणि दीड टनाचे वजन एका कामगारावर पडले. तो जागीच गेला. पंचनामा मीच केला.

पिना पुरवणाऱ्या लेथवाल्याने हलका माल देऊन फसवणूक केली, अशी तक्रार कारखान्याच्या खरेदी अधिकाऱ्याने दिली. लेथवाला मूळचा मालवणकडचा. घाटकोपरला त्याचे दोन लेथ आणि गावाकडची पाच माणसे. निष्काळजीपणाच्या कलमाला फसवणुकीचे कलम जोडले आणि तो आमच्या कोठडीत आला.

पहिल्याच प्रश्नाला तो म्हणाला, "पिन माझीच आसा, साहेब. लिवन घेवा."

गुन्हा केलेला माणूस आधी नाकारतो, न केलेला आधी रडतो. हा सही कुठे करायची ते विचारत होता.

दुसऱ्या दिवशी मृताची बायको पंचनाम्याची नक्कल मागायला आली. हवालदाराने बाकावर बसवून पाणी दिले. ते तसेच हातात धरून ती म्हणाली, "आदल्या दिवशी जेवताना हे सांगत होते, लाल माल परत लाइनीवर आलाय. मीच म्हटलं, तुम्हाला काय करायचंय? गप बसा."

लाल माल म्हणजे काय, ते फोरमनकडून कळले. तपासणीत नापास झालेल्या मालावर लाल रंगाचा फटकारा मारून तो कुलूपबंद जाळीत ठेवत. पुरवठादाराने गेटपास घेऊन तो परत न्यायचा. मी गेटचे रजिस्टर मागवले. त्या पिनांचा परतीचा गेटपास नव्हता आणि जाळी रिकामी होती. मग तुटकी पिन मालखान्यातून काढून भिंगाखाली धरली. बाहेरून लखलखीत, पण चाप अडकवायच्या बारीक भोकात लाल रंग शाबूत. रॉकेलचे फडके तिथपर्यंत पोहोचत नाही.

पिन लेथवाल्यासमोर ठेवली. "तुझा माल नापास झाला होता ना रे?"

"व्हय. ती खेप भट्टीत घालून कडक करूची ऱ्हवली, चूक माझीच. नवीन पिना देतंय म्हणून सांगितलंय पण."

"मग जुन्या कशा लावल्या?"

"महिनाअखेर, साहेब. त्येंका माल गाडीत चढवूचो होतो."

"आणि तू अंगावर का घेतलंस?"

"खरेदीसाहेब म्हणालो, तू गप ऱ्हव, ऑर्डर चालू ऱ्हवतली. पंधरा वर्सा त्येंचाच काम करतंय. दुसरा गिऱ्हाईक नाय माका."

भिंग दाखवल्यावर खरेदी अधिकारी इंग्रजीवरून मराठीवर आला आणि मराठीवरून कबुलीवर. रंग त्याच्याच हुकमाने पुसला होता. लेथवाला चौथ्या दिवशी सुटला.

मृताच्या बायकोला मी हे समजावून सांगितले. ती एवढेच म्हणाली, "म्हणजे हे खरं बोलत होते."

मारून घेतलेली कबुली कच्ची असते, हे आम्हाला माहीत होते. एकाच गिऱ्हाइकावर जगणाऱ्या माणसाची कबुलीही तितकीच कच्ची, हे मी त्या प्रकरणात शिकलो. तिच्यासाठी हातही उचलावा लागत नाही.

पुढच्या आठवड्यात लेथवाला कारखान्याचे इंग्रजी पत्र घेऊन पोलीस ठाण्यात आला. "वाचून दाखवा," म्हणाला. सलग तीन दिवस माल न पोहोचल्यामुळे त्याची ऑर्डर रद्द केली होती. ते तीन दिवस तो आमच्या कोठडीत होता.