मी तुमची फौज नव्हते

दुपारचे तीन वाजलेत. कूलरचा पंखा जाळीला घासतोय, वाळ्याचा ओला वास खोलीभर पसरलाय आणि मी दिवाणावर आडवी झालेय. डोळे मिटलेत, पण झोप अजून लागलेली नाही. हातात गव्हाणे भाऊजींनी दिलेला कागद आहे. तो घसरतो, मी तो पुन्हा वर ओढते.

संध्याकाळी सहाला मला हा कागद वाचून दाखवायचाय. ह्यांना जाऊन वर्ष झालं. त्यांच्या इतिहासमित्र मंडळाने कार्यक्रम ठेवलाय, फोटोला हार घालणार आहेत, आणि वहिनींनी दोन शब्द बोलायचे असं ठरलंय. ते दोन शब्दसुद्धा मंडळातल्या भाऊजींनीच लिहून आणून दिले.

हे म्हणजे भास्कर ढवळे. जालन्यात बियाण्यांच्या एका कंपनीचं गोदाम सांभाळायचे. पोटापाण्याचं काम तेवढंच. बाकी सगळा जीव सेनापतींवर आणि मुत्सद्द्यांवर. पालखेडला बाजीरावाने निजामाला कसं पळवून पळवून दमवलं, वडगावला महादजीने इंग्रजांना कसं वाकवलं, नेपोलियन कुठे चुकला, हे ते पोळी तव्यावर असतानाही सांगायचे. मुलीचं नाव अहिल्या ठेवलं. घरात गॅसची टाकी संपली तर "रसद तुटली" म्हणायचे. मी हसायचे. खरंच हसायचे, खोटं कशाला सांगू.

कागदावर दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलंय: "ढवळे सरांनी आपली शेवटची लढाई थोर सेनापतींच्या इतमामाने लढली. आठ महिने त्यांनी जखम उघडी पडू दिली नाही."

हे वाक्य मी सकाळपासून अकरा वेळा वाचलंय. दर वेळी कानशिलं तापतात.

आठ महिने. स्वादुपिंडाचा कॅन्सर. ह्यांना माहीत होता, मला नव्हता. मला ॲसिडिटी सांगितलेली. दर मंगळवारी संभाजीनगरच्या ग्रंथालयात जातो म्हणायचे आणि जायचे दवाखान्यात. एक दिवस मोरीपाशी कोसळले, तेव्हा खिशातल्या कार्डावर नाव होतं त्या दवाखान्यात मी त्यांना घेऊन गेले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे तुम्हाला काहीच माहीत नव्हतं?" शेजारी नर्स उभी होती, दुसऱ्या पेशंटचे नातेवाईक उभे होते. त्यानंतर सतरा दिवस राहिले हे. नळ्यांमुळे बोलणं झालंच नाही.

कागद पुन्हा घसरतो. ह्या वेळी मी तो ओढत नाही.

खुर्ची करकरते. हे बसलेत आणि पायमोजे घालतायत.

"कुठे निघालात?" मी विचारते.

"मंगळवार आहे ना."

"रविवार आहे."

"असं?" ते म्हणतात आणि दुसरा पायमोजा चढवत राहतात. शर्ट निळ्या चौकड्यांचा आहे, गळ्याशी ढगळ. पट्ट्याला नवं भोक पाडलंय. ते भोक मी तेव्हाही पाहिलं होतं. "बारीक होताय, बरंय, पोट सुटलं होतं," असं म्हटलं होतं मी.

मी उठून बसते. ते गेलेत हे मला ठाऊक आहे. तरी मला भीती वाटत नाही, रडूही येत नाही. राग मात्र दूध उतू जाताना येतं तसा वर येतो, एकदम, कडेपर्यंत.

"बसा तिथेच," मी म्हणते. "आज बसमध्ये चढायचं नाही."

"अगं, साडेआठची चुकेल."

"चुकू दे."

ते बसतात. खुर्ची तीच आहे, पण तिच्या मागे आता आमची भिंत नाही. हिरव्या पट्ट्याची लांबलचक भिंत आहे. बाकडी आहेत, फिनेलचा वास आहे. दवाखान्याचा व्हरांडा. मला नवल वाटत नाही. कूलर इथेही घासतोय.

"का नाही सांगितलंत?" मी विचारते.

ते घसा साफ करतात. हा आवाज मला ओळखीचा आहे. मंडळात बोलायला उभे राहिले की असंच करायचे.

"ट्रफाल्गरच्या आरमारी लढाईत नेल्सनला गोळी लागली," ते सांगू लागतात. "त्याला खाली नेत होते. तेव्हा त्याने स्वतःच्या हाताने तोंडावर रुमाल ओढून घेतला. खलाशांना कळू नये म्हणून. कळलं असतं तर त्यांचा धीर..."

"माझ्यासमोर नेल्सन आणायचा नाही."

"अगं, ऐक तरी..."

"नाही ऐकणार. छत्तीस वर्षं ऐकलं. मी खलाशी होते का? मी तुमची फौज नव्हते, बायको होते. माझा धीर सुटेल की राहील ते माझं मी बघितलं असतं. तुम्हाला कोणी नेमलं होतं माझ्यावर सेनापती म्हणून?"

व्हरांड्यातले लोक माझ्याकडे बघतायत. बघू देत. तेव्हाही बघत होते.

"तुला रडताना बघवलं नसतं," हे हळू आवाजात म्हणतात.

"आणि मला भांडताना बघवत होतं? आठ महिने मी तुमच्याशी ताटावरून भांडले. अर्धी भाकरी टाकून उठायचात, आणि मी म्हणायचे, बाहेर खाऊन येता, माझ्या हातचं आता गोड लागत नाही. ठेचा वाटून वाढला मी तुम्हाला. मुद्दाम झणझणीत, तोंडाला चव येईल म्हणून. त्या आतड्यांवर! तुम्ही खाल्लात, पाणी प्यालात आणि म्हणालात, झकास."

"झकास होता."

"खोटं बोलू नका!"

माझा आवाज व्हरांड्याच्या टोकाला जाऊन आपटतो आणि परत येतो. परत येतो तेव्हा व्हरांडा नाही. समोर नदी आहे.

केळणा नदी. पलीकडे असईचं रान. इथे हे मला लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात घेऊन आले होते. बाकीच्या जोड्या महाबळेश्वरला गेल्या, मी रणांगणावर. इथेच उभं राहून त्यांनी मला अठराशे तीनची लढाई सांगितली होती. इंग्रजांच्या वेलस्लीला नदी ओलांडायची होती, वाटाडे म्हणत होते उतार नाही, पायी पार होता येईल अशी जागाच नाही. त्याने पाहिलं, दोन काठांवर दोन गावं अगदी समोरासमोर आहेत. तो म्हणाला, गावं समोरासमोर आहेत म्हणजे मध्ये उतार असणारच. माणसं जात-येत असणारच. आणि उतार निघाला. हे सांगताना ह्यांचे डोळे असे चमकले होते, की मला वाटलं, अशा माणसासोबत आयुष्य मजेत जाईल.

आता हे पलीकडच्या काठावर आहेत. खुर्चीसकट. मी ह्या काठावर.

"इंदू," ते ओरडून विचारतात, "संध्याकाळी काय बोलणार आहेस?"

म्हणजे त्यांना ठाऊक आहे.

"जे खरं ते."

"मंडळासमोर?"

"मंडळासमोर."

ते शर्टाची कॉलर नीट करतात. मग म्हणतात, "गव्हाणेने चांगलं लिहिलंय गं. तेवढं राहू दे ना."

माझ्या अंगाची लाही होते. मेला माणूस, वर्ष झालं, आणि अजून ह्याला आपल्या पुतळ्याची काळजी!

"लाज नाही वाटत?" मी ओरडते. "तिथे पंधरा-वीस नवरे बसलेले असतील. ते ऐकतील, टाळ्या वाजवतील, आणि घरी जाऊन आपापल्या जखमा झाकतील. त्यांच्या बायका डबे भरून देत राहतील. मी हे वाचून दाखवू?"

"मग काय सांगशील? घाबरट होता म्हणून?"

"होतात का?"

ते पायमोजा वर ओढतात. वारा सुटलाय, पाण्यावर बारीक सुरकुत्या येतायत.

"अहो, ती दोन गावं समोरासमोर होती ना?" मी विचारते. "आपण छत्तीस वर्षं एका घरात समोरासमोर राहिलो. एका ताटलीतली भजी खाल्ली. मध्ये एकही उतार नव्हता तुमच्या मते?"

मी पाण्यात पाय टाकते.

"तिथून नको!" ते खुर्चीतून उठतात. "तिथे खोल आहे. डावीकडून ये, डावीकडून."

"मला वाट दाखवायची नाही."

पाणी घोट्याला लागतं, मग गुडघ्याला, मग कमरेला. थंड आहे. लुगडं जड होतं, पायांत गुरफटतं. मी पडत नाही. रागाने माणूस किती चालू शकतो ते मला आज कळतंय. पलीकडे पोचते तेव्हा हे अगदी काठाशी आलेले असतात, हात पुढे केलेला. मी तो हात धरत नाही. आपली आपण वर चढते.

जवळून बघते तर काय राहिलंय त्यांचं! गालांची हाडं वर आलेली, मान काडीसारखी. पण डोळे तेच. पोरगेले.

"बसमध्ये," ते मी न विचारताच बोलायला लागतात, "बदनापूरपर्यंत काही वाटायचं नाही. बदनापूर गेलं की उतरून परत फिरावंसं वाटायचं. मग तू दिलेला डबा मांडीवर घेऊन बसायचो. झाकण उघडायचो नुसतं. खाता यायचं नाही, पण तुझ्या मेथीचा वास यायचा. उतरलो की कोणाला तरी देऊन टाकायचो."

"आणि रिकामा डबा घासून मला आणून द्यायचात."

"हो."

"आणि मी म्हणायचे, बरं, बाहेर तरी नीट जेवलात."

"हो."

"का, पण? का?"

ते खाली बघतात. नेल्सन येत नाही, नेपोलियन येत नाही, कुणीच येत नाही त्यांच्या मदतीला.

"दवाखान्यात सगळे माझ्याशी हळू बोलायचे," ते म्हणतात. "गव्हाणेला एकट्याला सांगितलं होतं, तर तोही हळू बोलायला लागला. एक तूच होतीस, की पायपुसण्यावरून भांडायचीस, ताटावरून भांडायचीस. तू भांडायला लागलीस, की मी बरा असायचो. तेवढा वेळ मला काही झालेलं नसायचं. तुला सांगितलं असतं, तर तूही हळू बोलायला लागली असतीस."

म्हणजे गव्हाणेंना माहीत होतं! कागद लिहिणाऱ्याला. त्या मंडळातल्या माणसाला माहीत होतं आणि मला नाही.

"म्हणजे तुम्हाला बरं वाटावं म्हणून," माझे शब्द तुटायला लागतात, "म्हणून मला कैदाशीण करून ठेवलंत? आता जन्मभर मला तेच आठवणार. शेवटच्या आठ महिन्यांत मी ह्या माणसाशी एक शब्द धड बोलले नाही. हे तुम्ही मला देऊन गेलात. पाय चेपले असते मी. पेज करून दिली असती. बसमध्ये शेजारी बसले असते. माझा तो हक्क होता. तो तुम्ही चोरलात."

"स्वार्थ होता," ते म्हणतात. "कबूल."

"कबूल म्हणून चालणार नाही."

"मग काय करू?"

"खरं बोल!" मी म्हणते. छत्तीस वर्षांत मी त्यांना अरे-तुरे केलेलं नाही, लटक्या रागातही नाही. "एकदा तरी खरं बोल ना! सेनापती नको. माझ्याशी बोल. बोल!"

आणि माझा हात उठतो. मी त्यांच्या छातीवर फाडकन मारते. उघड्या पंजाने, सगळं बळ लावून. शर्टाखाली नुसत्या बरगड्या आहेत, त्या हाताला लागतात.

ते हलत नाहीत. त्यांचा चेहरा आधी तसाच राहतो, सभेत बसल्यासारखा. मग ओठाचा एक कोपरा थरथरतो, मग हनुवटी, मग सगळंच कोसळतं. हे रडतायत. अहिल्येच्या पाठवणीला न रडलेला माणूस तोंड वेडंवाकडं करून, नाक गळेपर्यंत रडतोय.

"फार दुखत होतं गं, इंदू," ते म्हणतात. "फार दुखत होतं."

"कुठे?" मी विचारते. "कुठे दुखत होतं? दाखवा मला."

ते शर्टाचं बटण काढायला लागतात, आणि फोन वाजतो.

फोन वाजतोच आहे. कूलर बंद पडलाय, वीज गेलेली दिसते. मी दिवाणावर आहे, घामाने भिजलेली. सव्वापाच झालेत.

गव्हाणे भाऊजींचा फोन.

"वहिनी, रिक्षा पाठवतोय. वाचून ठेवलंत ना भाषण? एक-दोनदा मोठ्याने म्हणून बघा, म्हणजे अडखळायला होत नाही."

"भाऊजी," मी म्हणते, "तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज. मग खाकरणं. "कशाबद्दल म्हणताय, वहिनी?"

त्या खाकरण्यातच मला कळतं. "तुमचा कागद मी वाचणार नाही," मी सांगते. "मी येणार आहे. फोटोला हारही घालणार आहे. पण बोलणार माझं मी. हे घाबरले होते, ह्यांना फार दुखत होतं, आणि ते मला न सांगून ह्यांनी माझ्यावर अन्याय केला, असं बोलणार आहे. ऐकायचं नसेल त्यांनी चहा प्यायला बाहेर जावं. आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसा."

"वहिनी, अहो, लोक काय..."

मी फोन ठेवते. डाव्या हाताने. फोन घेतला तोही डाव्याच हाताने, हे आता लक्षात येतं, कारण उजवा हात उचलवत नाहीये.

दिवाण खोलीच्या मधोमध आहे. भिंत चार हात लांब, आजूबाजूला टेबल नाही, काही नाही. मी उजवा तळहात खिडकीच्या उजेडात धरते. लालबुंद झालाय, सुजलाय, आणि मधून आडव्या तीन पांढऱ्या रेघा उठल्यात, बोटभर अंतरावर एकेक, बरगड्यांसारख्या. रिक्षा दारात येऊन हॉर्न देते तरी हात चुरचुरतच असतो.