न सांगितलेला नवस

नवस बोलून दाखवला की फळत नाही, असं आमच्या घराण्यात मानतात. मी शाळामास्तर, दर्यापुरात चार लोक सल्ला विचारायला येत. पण या बाबतीत माझं डोकं कधी चाललं नाही. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून झालेल्या भांडणात माझ्या मुलाने, वसंताने, काठी उगारली. घाव वर्मी बसला आणि समोरचा माणूस दगावला. वसंताला सात वर्षांची सजा झाली आणि तो अमरावतीच्या तुरुंगात गेला. त्याच आठवड्यात मी तिथल्याच अंबादेवीपुढे हात जोडून मनात म्हणालो, "माय, पोराला लवकर सोडव. तो सुटेपर्यंत आम्ही नवराबायको त्याचं तोंड पाहणार नाही." बायकोला मी विचारलंही नव्हतं. खरं सांगायचं तर तुरुंगाच्या दारात कोणी ओळखीचं भेटेल, ही लाजही त्या नवसात मिसळलेली होती. पण ती मी देवीपासूनही लपवली.

वसंताची पत्रं येत. प्रत्येक पत्रात शेवटी एकच प्रश्न असे, मुलाकातीला कधी येता? मी उत्तरात कपाशीबद्दल लिही, गाय व्याली ते लिही, आणि त्या प्रश्नाला बगल देई. बायकोलाही "जायचं नाही म्हणजे नाही" एवढंच सांगितलं होतं. एकदा ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमच्या पोटात काय हाये ते तुमालेच ठाऊक. माहं लेकरू तिथं वाट पाहून राह्यलं." त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलू लागली. दीड वर्ष असं गेलं आणि वसंताची पत्रं बंद झाली. एक महिना, दोन महिने, चार महिने. माणूस आतल्या आत खचला की जेवणही सोडतो, असं कोणाकडून तरी ऐकलं होतं. मला भीती वाटू लागली.

एका मंगळवारी मी एकटाच अमरावतीला गेलो. देवीची ओटी भरली, काय चुकलं ते सांग म्हणालो. देवी काही बोलली नाही. मी एसटी स्टँडवर येऊन बसलो. गाडीला वेळ होता. शेजारी पन्नाशीची एक बाई येऊन बसली. माझी टोपी आणि खिशातला पेन पाहून तिने विचारलं, "मास्तर हाय ना तुमी? एवढं वाचून द्या." हातात पत्र होतं, तुरुंगाचा शिक्का मारलेलं. ती बाळापूरकडची, नवरा इथल्याच तुरुंगात जन्मठेपेवर. मी वाचू लागलो. खुशाली, गुडघेदुखी, आणि मग दोन ओळी: आमच्या बराकीत दर्यापूरकडचा एक तरणा गडी आहे. मुलाकातीच्या दिवशी पहाटेच न्हाऊन बसतो, पण त्याचं नाव कोणी पुकारत नाही.

मला पुढे वाचवेना. तो वसंताच की दुसऱ्या कोणाचा मुलगा, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि पुढेही मी कधी विचारलं नाही. जो नवस बायकोला सांगितला नव्हता, तो मी त्या परक्या बाईला सांगून बसलो.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमी छप्पन सालीच, दीक्षा घेतली तवा, देव नदीत सोडले, मास्तर. पन मानूस नाई सोडला. तुमच्या देवीनं मांगतलं होतं काय हे?"

मग तीच समजावू लागली, एखाद्या बाईने नव्या सुनेला घर दाखवावं तशी. "सकाळीच जाजा. अर्जावर त्याचा नंबर लिवा, नातं लिवा. घरचं खायाचं नेऊ नोका, शिपाई आत जाऊ देत नाई. जाळीच्या दोन्ही अंगांनं समदे एकाच टायमाले वरडतेत, म्हनून मोठ्यानं बोलजा. पहिले मायले बोलू द्या. बाप बोलाले लागला का टाइम सरते!" मी ते सगळं आज्ञाधारकपणे तिकिटाच्या मागे लिहून घेतलं. जन्मात इतक्या निमूटपणे मी कोणाचं ऐकलं नव्हतं.

घरी येऊन बायकोला नवस सांगितला. ती रागावेल असं वाटलं होतं. ती रडली आणि म्हणाली, "एवढंच होतं, तं मले सांगाचं होतं ना!"

आठवड्याने आम्ही जाळीसमोर उभे होतो. वसंता आला. गालफडं बसलेली, डोक्यावरचे केस बारीक केलेले. आई बोलत राहिली, तो मान हलवत राहिला, माझ्याकडे पाहीना. शिपायाने वेळ संपत आल्याचं सांगितलं तेव्हा मी ओरडून नवसाचं सांगितलं. आजूबाजूच्या गलक्यात त्याला किती ऐकू गेलं कोण जाणे. पण तो जाळीला टेकला. म्हणाला, "बाबा, मले वाटलं, तुमी माह्या नावानं आंघोळ केली."

जिवंत मुलाला मेला समजून त्याच्या नावाने आंघोळ! तो इतके दिवस हे मनात धरून जगला, आणि मी न जाण्याला माझी भक्ती समजत होतो.

त्याची सजा काही लवकर संपली नाही, ती पुरी भोगूनच तो सुटला. तोवर आम्ही दर महिन्याला गेलो, एकही मुलाकात चुकवली नाही. त्या बाईचे उपकार मी देवीच्याच खात्यात धरतो. त्या बाईला हे सांगितलं असतं तर तिने मला चांगलंच झापलं असतं. देवीला मी जे वाहिलं होतं ते माझं नव्हतंच. बायकोचं होतं, पोराचं होतं. देवीने ते घेतलं नाही, परत पाठवलं. आता मी मंदिरात जातो तो नुसता जातो. नमस्कार करतो, "तुझ्या मनात असेल तसं, माय" म्हणतो, आणि वसंता बाहेर चपलांपाशी थांबलेला असतो, म्हणून लवकर निघतो.