खालचा आवाज

भुसावळच्या आमच्या प्रार्थनामंदिरात पुरुषांचं एक गायकमंडळ होतं. तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं आणि गाव रेल्वेचं, त्यामुळे मंडळात नाना देशींचे नमुने जमलेले. एक इंग्रज इंजिन ड्रायव्हर, एक तमिळ कारकून, गोव्याकडचे दोघे गार्ड, इथल्या मातीतले आम्ही काहीजण आणि सगळ्यांना वठणीवर आणणारे गोरे पाद्रीसाहेब. साहेबांचं मराठी कच्चं होतं, पण कुणी बेसूर झालं की नेमका शब्द सापडायचा.

आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आपल्याकडची बरीच माणसं रेल्वेच्या कामाला गेली होती. तिथल्या गावोगावी जाऊन सुवार्तेची गीतं गायची, असं आमंत्रण आलं आणि आमची तालीम जोरात सुरू झाली. दर रविवारी दुपारी, उपासनेनंतर.

रविवार भुसावळच्या बाजाराचाही दिवस. माझी माय तापीपलीकडच्या आमच्या गावाहून भरताची वांगी घेऊन यायची. मी ख्रिस्ती झालो तेव्हापासून घरात माझी पायरी ओट्यापर्यंतच होती. भावकीपुढे मायचं काही चालत नव्हतं, आणि मीही तोऱ्यात होतो. पण बाजार उरकला की ती रिकामी टोपली शेजारी ठेवून मंदिराबाहेरच्या निंबाखाली बसायची आणि तालीम ऐकायची. आत ये म्हटलं तर मान हलवायची.

पहिल्याच रविवारी मी बाहेर आलो तर तिचा चेहरा उतरलेला.

"बाकी बठ्ठे गानं म्हनतात. तू काहून नुसता हूं हूं करतो?"

माझा आवाज जाड, म्हणून साहेबांनी मला खालच्या पट्टीत घातलं होतं. चाल वरचे लोक म्हणायचे, आम्ही दोघा-तिघांनी खालून आधार धरायचा. मध्येच चार ठोके गप्प राहायचं, पुन्हा शिरायचं. मी हे तिला परोपरीनं समजावलं. तिचं सगळं आयुष्य भजनात गेलेलं, आणि भजनात सगळे एकच चाल म्हणतात. तिला ते पटेना.

"ज्यायच्यासाठी तू घर सोडलं," ती म्हणाली, "त्याईनं तुले एक गानं नाही देलं?"

मला रागच आला. म्हटलं, चल, आत्ता इथंच म्हणून दाखवतो.

"एकटा तं तू गोठ्यातबी म्हने. माले त्यायच्यात तुझा आवाज पाह्यजे. समुद्रापार जाशीन, तिकडे तुले कोन इचारीन, हे माले कसं कळीन रे?"

त्यानंतर दर रविवारी ती यायची आणि दर रविवारी माझा आवाज शोधायची. डोळे मिटून, मान किंचित वाकडी करून. मी आतून खिडकीतून बघायचो आणि छाती फुटेस्तोवर जोर लावायचो. साहेब दरडावायचे, "तू रेडा आहेस का?" बाहेर आल्यावर मी विचारायचो, "सापडला?" ती पदरानं तोंड पुसायची आणि म्हणायची, "पुढल्या बाजारी."

निघायचा दिवस जवळ आला तेव्हा मी साहेबांच्या हातापाया पडलो. एक कडवं आम्हा खालच्यांना एकट्यांना म्हणू द्या, बाहेर माय बसलेली असते. साहेब 'बरं' म्हणाले.

शेवटच्या रविवारी त्यांनी बाकीच्यांना हातानं थांबवलं. सगळे गप्प झाले आणि फक्त आमचा आवाज मंदिरात घुमला. मी खिडकीतून पाहिलं. निंबाखाली कुणी नव्हतं.

ती तापानं फणफणली होती हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. सांगायला आलेल्या गड्याबरोबर मी गाडीत बसलो, पण गाव गाठेपर्यंत तिनं प्राण सोडला होता. चितेला अग्नी भावानं दिला. मी लांब उभा राहिलो. पोटचा मुलगा असून परक्यासारखा उभा राहिलो, आणि त्याचं दुःख आजही कमी झालेलं नाही.

परत निघण्याआधी ओट्यावर बसलो होतो. वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तांब्या ठेवून उंबऱ्यातच टेकली.

"भाऊ, एक इचारू? माय दळता दळता काहीतरी म्हने. त्याले बोलच नव्हते. आमी दोघी जात्यावर बसलो का रोज तेच."

आणि वहिनी हळूच गुणगुणली. खालचा सूर, मग त्याहून खालचा, मग वर येऊन एका जागी धरलेला. चाल नव्हतीच त्यात. नुसता माझा हिस्सा होता, साहेबांनी घोटून घेतलेला, जसाच्या तसा.

वहिनी मध्येच थांबली. मी बोटानं मांडीवर ठोके मोजत होतो.

"इथीच माय जातं थांबवे," ती म्हणाली. "मी म्हटलं, काहून थांबल्या वो? तं म्हने, थांब, आता दुसऱ्याइची पाळी हाये."

चौथ्या ठोक्याला वहिनीनं पुन्हा सूर धरला. मला पुढचं ऐकवेना.

"कोनाचं गानं हाये हे, भाऊ?"

"माझं," मी म्हणालो, आणि त्या ओट्यावर बसून लहान मुलासारखा रडलो.