गळकी गाडी आणि माझे चार महिने

माझे यजमान कर्जतचे डॉक्टर. लढाई संपल्यावर लष्कराचं सामान मोडीत निघालं, तेव्हा त्यांनी एक जुनी जीप आणि तिच्यामागं ओढत न्यायची चाकांवरची खोली विकत घेतली. आत दोन बाकं, औषधांचं कपाट, बारकीशी खिडकी. ती घेऊन ते कशेळ्याकडं, खालापूरकडं, डोंगराखालच्या वाड्यांवर फिरत. आठ-आठ दिवस घरी नसत. बरोबर नर्सबाई.

नर्सबाईंबद्दल वाईट बोलायला मला कधी जागा सापडली नाही, याचाच मला जास्त राग. मुक्कामाला त्या गाडीत निजत आणि हे पाटलाच्या ओटीवर, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक होतं. पण ह्यांचा चष्मा कुठं विसरला तेही बाईंनाच ठाऊक. हे नुसता हात पुढं करीत आणि बाई हवी ती बाटली त्यात ठेवीत. माझ्यापुढं हात केला तर मला विचारावं लागे, "काय हवंय?" नुसता जळफळाट व्हायचा माझा.

माझे म्हणून चार महिने होते. गाडी गळायची. पावसात बाहेर काढली की गाद्या, कापूस, बँडेजं, सगळं ओलं. म्हणून ज्येष्ठात पाऊस लागला की ती अंगणातल्या मांडवाखाली उभी राही, ती दसऱ्यालाच हले. तेवढे दिवस हे घरच्या दवाखान्यात बसत, माझ्या हातचं गरम जेवत, आणि बाई आपल्या घरी. पावसाची वाट माझ्याइतकी गावात कुणी बघत नसेल.

गाडी उभी करण्याआधी दरवर्षी छपराला डांबर लावायचा सोहळा. हे वर चढत, बाई खालून चिंध्या देत, दोघं हसत. मी चुलीपुढून बघायची आणि एखादी भाकरी करपवायची.

त्या वर्षी गाडी वळवाच्या सरीत सापडून परत आली. गादी पिळून काढताना बाई मला म्हणाल्या, "वहिनी, आपल्या छपरालाच कुठंतरी भेग आहे. सापडेल."

आपल्या! मला ते फार झोंबलं. दुसऱ्या दिवशी बाई यायच्या आत शेणाची बादली घेऊन मी गाडीत चढले आणि फळ्यांची जमीन सारवायला घेतली. लाकडाच्या फळ्या कुणी सारवतं का? मी सारवल्या. नवरा जिथं राहतो तिथं बायकोचा हात फिरायला नको?

शेणकाला पातळ झाला होता. चाकाच्या डोक्यावरची पत्र्याची कमान बाकाखाली आत आलेली होती, तिच्या कडेला तो वाहत गेला आणि नाहीसा झाला. उतरून पाहिलं तर टायरवर ठिबकत होता. कमानीत हात घातला. दगड लागून लागून पत्रा चेपला होता आणि कडेला चार बोटं जातील एवढा फाटला होता. बाकाच्या खालच्या अंगाला उडालेला चिखल वाळून बसला होता. म्हणजे पाणी वरून येतच नव्हतं, चाकच ते रस्त्यावरून आत फेकत होतं. गाडी चालताना सगळे जीपमध्ये, मग दिसणार कुणाला? आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी!

बाई आल्या तशी मी दोघांना हाक मारली. मला बाईंचा पडलेला चेहरा बघायचा होता. त्या पदर खोचून खाली वाकल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, खरंच की! शाबास वहिनी!" माझा निम्मा आनंद तिथंच गेला.

लोहार आला. "डाक्टर, पत्रा पार गेलाय. वरनं किती बी डांबर ओता, उपेग नाय." त्यानं फाटका भाग कापून जाड पत्रा ठोकला, सांध्यांत राळ भरली. ह्यांनी गाडी ओढ्याच्या पाण्यातून नेऊन आणली आणि गादीवर हात फिरवला. कोरडी ठणठणीत.

"हिनं शोधलं हो," हे अंगणात सगळ्यांना सांगत सुटले. "आम्हा दोघांच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं." मी अशी फुलले की 'आम्हा दोघांच्या' हेसुद्धा त्यांना माफ केलं.

जेवताना म्हणाले, "आता पावसाळ्यात घरी बसायचं कारण उरलं नाही. वाड्यांवर खरा ताप तेव्हाच असतो. बाईंना सांगून ठेवलंय."

मी त्यांना आणखी एक डाव आमटी वाढली. तापाच्या माणसांविरुद्ध मी काय बोलणार? आणि बोलायचं कोणत्या तोंडानं? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आषाढात, भर पावसात ते निघाले. बाई पुढं, ह्यांच्या शेजारी. पदरानं तोंड पुसत मला म्हणाल्या, "वहिनी, तुमच्यामुळं जमलं हो हे." अगदी मनापासून म्हणाल्या.

"सांभाळून जा," मी म्हटलं. आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत दारात उभी राहून देवाला विनवत होते, फाटू दे रे बाबा तो पत्रा पुन्हा.